चावी न देता विकलेली जीप

आधी माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलेलं नाही, आणि मी गेलो तेही इतिहास घेऊन, साहित्य घेऊन नाही. आजवर जे काही लिहिलं ते परीक्षेच्या पेपरात, आणि तिथेही पुरवणी मागायची वेळ कधी आली नाही. आठवणी लिहाव्यात त्या मोठ्या माणसांनी, ज्यांच्या आयुष्यात काही घडलंय. माझ्या आयुष्यात एक जीप घडली, आणि तीही माझी नव्हती. तरी लिहितो आहे, कारण ही हकिगत तोंडी सांगायला लागलो की मित्र मधेच हसतात आणि मी पुढचं विसरतो. कागद हसत नाही. कुठे चुकलं तर सांभाळून घ्यावं.

मी बीडला दुसऱ्या वर्षाला होतो. दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर आमच्या सरांनी मला बोलावून घेतलं. त्यांच्या खोलीत पन्नाशीच्या, उंच, गोऱ्या बाई बसल्या होत्या. सर म्हणाले, "या नॉर्वेहून आल्यात. मेंढपाळांवर संशोधन करतात. आपल्याकडच्या एका कळपाबरोबर यांना सहा महिने फिरायचंय. तुझे मामा मेंढपाळ आहेत ना?"

मी हो म्हणालो.

"आणि तुझं इंग्रजीही चांगलं आहे."

शिक्षक दिनाला मी पाच मिनिटं इंग्रजीत बोललो होतो हे खरं, पण ते पाठ केलेलं होतं. मधे कुणी खोकलं असतं तर मला पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरुवात करावी लागली असती. हे तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सरांनी मला पहिल्यांदाच खुर्ची दिली होती, आणि खुर्चीवर बसून असलं काही कबूल करता येत नाही.

मामांचं बिऱ्हाड त्या वेळी नांदूरघाटच्या शिवारात होतं. मी मॅडमना घेऊन तिथे गेलो. मॅडम आल्या, मामींनी टाकलेल्या घोंगडीवर मांडी घालून बसल्या, आणि मामांनी मला विचारलं, "ह्यांच्याकडं मेंढरं हायत का?"

"हायत म्हणत्यात. लई हायत."

"मग हिकडं कावून आली?"

मी हे जमेल तसं इंग्रजीत घातलं. मॅडमनी बराच विचार केला. मग सांगितलं की त्यांच्याकडे उन्हाळ्यात मेंढ्या आपल्याआपण डोंगरावर जातात, माणसं घरी राहतात. इथे माणसं मेंढ्यांबरोबर चालतात. कोण कुणाच्या मागे चालतं, हे त्यांना बघायचंय.

मी ते मामांना सांगितलं. मामा म्हणाले, "त्ये आमालाबी बघायचंय."

मामा तयार झाले. पण मेंढरं सोमवारी हलणार होती, आणि मेंढरं कुणासाठी थांबत नाहीत. थांबली तर खाणार काय? मॅडमच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. रोज चालणं त्यांना शक्य नव्हतं. जवळ दोन पेट्या सामान होतं, आणि झोपायलाही जागा लागणार होती. म्हणजे गाडी हवी. इथवर यायला त्यांना दोन वर्षं खटपट करावी लागली होती, दहा ठिकाणी अर्ज केले होते. कळप पुढे गेला आणि गाडी बंद पडून त्या मागे राहिल्या, तर ती दोन वर्षं तिथेच संपणार होती. हे त्यांनी मला इतक्या साध्या शब्दांत सांगितलं की मला एकही शब्द विचारावा लागला नाही.

आधी भाड्याची गाडी बघितली. केजचा एक ड्रायव्हर आला. त्यानं मुक्काम कुठे कुठे असतो ते विचारलं, मामांनी हात फिरवून चारी दिशांचं रान दाखवलं. मग त्याला एक फोन आला, तो बोलत बोलत बांधापलीकडे गेला, आणि तिकडूनच गेला.

म्हणून मग जुनी गाडी विकत घ्यायचं ठरलं. मामा म्हणाले, "दिंद्रुडच्या तात्याला जीप ईकायची हाय." तात्यांच्या शेतात मामा दरवर्षी खतासाठी मेंढरं बसवत, त्यामुळे ओळख पक्की. तात्या जिल्हा परिषदेला उभे राहिले होते आणि पडले होते. जीप प्रचाराची होती.

मी भीत भीत म्हणालो, "मामा, एखादा मिस्त्री बी घेऊ संगं. इंजनाचं त्याला कळतंय."

"मिस्त्रीला काय कळतंय? त्यानं जन्मात एक तरी घोडी घेतली का?"

मामांनी सामान वाहायच्या तीन घोड्या घेतल्या होत्या, बैल तर किती घेतले-विकले त्याला गणती नाही, आणि एकदाही फसले नव्हते. माझ्या सगळ्या नात्यात काही मोठी वस्तू पारखून घेतलेला तो एकच माणूस. मॅडम मला म्हणाल्या, "तू सांगशील तसं मी करीन. इथे मला फक्त तुझं बोलणं समजतं." त्या हे विश्वासानं म्हणाल्या.

शनिवारी सकाळी आम्ही तिघं दोन एसट्या बदलून दिंद्रुडला उतरलो. मामांनी धुतलेलं धोतर, नवं उपरणं आणि खांद्याला एक पिशवी घेतली होती. पिशवीत काय आहे ते मी विचारलं नाही.

जीप तात्यांच्या दारातच लिंबाखाली उभी होती. पांढरी, टपावर भोंगा. मागच्या काचेवर तात्यांचा हात जोडलेला फोटो उन्हानं इतका उडालेला की फक्त मिशी आणि हात शिल्लक होते. तात्या स्वतः मात्र ठळक होते. पांढरे कपडे, पांढऱ्या मिशा, आवाज सभेतला.

"या पाव्हणं! बाई, या, या. परदेशातून आमच्या दिंद्रुडला आलात, आमचं भाग्य हाय."

मी भाषांतर केलं. मॅडमनी हात जोडले. तात्यांनीही जोडले, आणि क्षणभर काचेवरच्या मिशीसारखेच दिसले.

मामा जीपभोवती फिरायला लागले. बाजारात जनावर बघतात तसेच. आधी लांबून, मग जवळून. समोर उकिडवे बसून दोन्ही दिवे निरखले. टायरांवरून खालून वर हात फिरवला, खूर बघतात तसा. बाजूच्या पत्र्यावर थाप मारली आणि आवाज ऐकला. मग म्हणाले, "तोंड उघडा."

तात्यांनी बॉनेट उघडलं. मामांनी आत वाकून बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "वय किती?"

"पंधरा वर्साच्या आत हाय."

"दिसती जास्ती."

मॅडमनी मला विचारलं, ते काय म्हणाले. मी सांगितलं, गाडी अनुभवी आहे असं म्हणाले. माझ्या इंग्रजीत तात्यांचा अपमान होऊ नये याची मी काळजी घेत होतो.

"आता चालवून दाखवा," मामा म्हणाले. मॅडम सवयीनं डावीकडच्या दारातून आत गेल्या, समोर स्टिअरिंग नाही हे बघून हसल्या आणि सरकून उजवीकडे गेल्या. मी शेजारी बसलो. मामा बसले नाहीत. आत बसून चाल कशी कळणार? ते खाली उभे राहिले आणि जीपबरोबर चालू लागले. दिंद्रुडच्या गल्लीतून जीप माणसाच्या पावलानं चालली होती, आणि मामा कमरेत वाकून, मान तिरपी करून, कधी पुढच्या तर कधी मागच्या चाकाकडे बघत शेजारून चालले होते. पानटपरीवरची माणसं उठून उभी राहिली.

"पाव्हणं, काई पडलं का?"

"न्हाई. चाल बघायलाव."

चौकापर्यंत गेल्यावर मामांनी हात वर केला. जीप थांबली. मामा म्हणाले, "डाव्या मागच्या पायानं लंगडती."

तात्या मागून येत होते. त्यांचा चेहरा पडला. "खरं हाय. त्या अंगाचा स्प्रिंगचा पाटा बसलाय. मी सांगणारच हुतो. खोड लपवून ईकणारा माणूस न्हाई मी."

इतक्या पारखी माणसाला मी मिस्त्री घेऊ म्हणालो याची मला लाज वाटली. मामांनी विचारलं, "अजून खोड?"

तात्यांनी खाली बघितलं. "एक हाय. मागं घेताना बोलती."

"कोण?"

"गाडी."

पुढचं त्यांनी समजावून सांगायच्या आधी मॅडमनी गाडी वळवायला रिव्हर्स टाकला, आणि टपावरचा भोंगा गरजला: "बंधू-भगिनींनो, सुखदुःखात धावून येणारा आपला हक्काचा माणूस, आपले लाडके तात्या! निशाणी छत्री! छत्री! छत्री!"

मॅडमनी दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढले. पानटपरीवरून आवाज आला, "पुन्ना उभारले का बे हे?"

प्रचाराच्या वेळी एका इलेक्ट्रिशियननं भोंग्याची वायर मागच्या दिव्याच्या वायरीला जोडली होती. आता ती तोडली की हॉर्न जायचा, हॉर्न जोडला की गाडी चालू व्हायची नाही. तीन मिस्त्री झाले, कुणाला जमलं नाही. तात्या हळू आवाजात म्हणाले, "पुढं जाताना काई बोलत न्हाई बिचारी. मागं घेऊच नये, म्हंजी झालं."

मामांनी यावर मान हलवली. त्यांच्या दृष्टीनं हा दोष फार मोठा नव्हता. मेंढरं कधी मागे जात नाहीत.

मग दारात सतरंजीवर बसून सौदा सुरू झाला. मामांनी उपरणं आपल्या आणि तात्यांच्या हातावर टाकलं. जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत; कापडाखाली एकमेकांची बोटं धरून सांगतात, म्हणजे भोवतीच्या लोकांना कळत नाही. इथे भोवती कुणीच नव्हतं, मी आणि मॅडम सोडून, आणि गाडी मॅडमच घेत होत्या. पण रीत ती रीत. उपरण्याखाली हालचाल सुरू झाली. तात्या मान हलवत होते, मामा आकाशाकडे बघत होते.

"काय चाललंय?" मॅडमनी विचारलं.

"बोलत आहेत," मी म्हणालो.

समजावून सांगितल्यावर मॅडमचे डोळे चमकले. मलाही करून बघायचंय, म्हणाल्या. मामा चार बोटांवर अडून बसले होते, तात्या त्याहून जास्त मागत होते. मामांनी कंटाळून हात काढला. मॅडमनी आपला हात आत घातला आणि तात्यांचा सगळाच्या सगळा पंजा धरून, त्यांच्याकडे करतात तसा, आपुलकीनं जोरजोरात हलवला. सगळा पंजा म्हणजे पाच. मामांनी कपाळाला हात लावला. तात्यांचे कान लाल झाले. आणि त्याच वेळी काकू, म्हणजे तात्यांच्या पत्नी, चहा घेऊन बाहेर आल्या.

काकूंनी उपरण्याकडे बघितलं. मग तात्यांकडे. मग सगळ्यांपुढे चहा ठेवला, तात्या सोडून.

"चार!" तात्या ओरडले आणि हात बाहेर काढला. "चारच. ठरलं."

मामा पुढे अनेकदा म्हणाले की इतकी चांगली सौदेबाज त्यांनी आयुष्यात बघितली नाही. मॅडमना हे मी कधी नीट समजावू शकलो नाही.

कागदांचं काम पुढे एका एजंटानं केलं. ते लिहायला बसलो तर जीप बाजूलाच राहील.

पैसे दिले-घेतले गेले. काकूंनी जीपच्या कपाळाला हळद-कुंकू लावलं, चाकावर पाणी घातलं. तात्या म्हणाले, "न्या आता. तुमची झाली." आणि चावी आपल्या सदऱ्याच्या खिशात घालून वरून बटण लावलं.

मामांनी पिशवी उघडली. आतून नवं कोरं दावं काढलं, लाल-पिवळं, गोंड्याचं, आणि जीपच्या पुढच्या बंपरला बांधलं.

इथे मला एक कबूल करायचंय. मला यात काहीही वावगं वाटलं नाही. आमच्याकडे जनावर विकताना दावं देत नाहीत. घेणाऱ्यानं आपलं नवं दावं आणायचं, विकणाऱ्यानं जुनं सोडून घरात ठेवायचं. दावं गेलं की गोठ्याची बरकत जाते. लहानपणी आमची गाय विकली तेव्हा वडिलांनी तिचं दावं सोडून घेतलेलं मी पाहिलंय. त्यामुळे तात्यांनी चावी ठेवली, मामांनी दावं बांधलं, आणि मी इतिहासाचा विद्यार्थी शेजारी उभा राहून समाधानानं मान हलवत होतो.

मॅडम आत बसल्या होत्या. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला, तळवा वर करून. मामांनी दाव्याचं दुसरं टोक हातात धरलं होतं. त्यांनी जीपकडे बघितलं, दाव्याकडे बघितलं, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी पहिल्यांदा शंका दिसली.

"तात्या," मी म्हणालो, "चावी?"

"चावी म्हंजी दावंच की रे. त्ये कसं देणार? निवडणूक गेली. आता बरकतबी घालवू का?"

"बराबर हाय," मामा म्हणाले. "मागू नकोस भाच्या. बरं दिसत न्हाई."

मी मॅडमना सांगितलं. मला वाटलं, आता तरी शहाणपणाचं कुणी काही बोलेल. मॅडमनी पुढे केलेला हात मागे घेतला, वही काढली आणि खाली उतरून तात्यांसमोर बसल्या. ही रीत कधीपासूनची? वडील पाळायचे का? बैल, घोडी आणि शेळी, सगळ्यांना लागू आहे का? ट्रॅक्टरला? तात्या म्हणाले, ट्रॅक्टर कधी विकलाच नाही, त्यामुळे सांगता येत नाही. मॅडमनी हेसुद्धा लिहून घेतलं. दोन पानं भरली. मग वही मिटून मला गंभीरपणे म्हणाल्या की हे फार महत्त्वाचं आहे आणि आपण चावी मागता कामा नये.

तिघांचं एकमत झालं होतं. चावी द्यायची नाही, घ्यायची नाही, मागायची नाही. सोमवारी मेंढरं हलणार होती, आणि मॅडमची गाडी दाव्याला बांधून लिंबाखाली उभी होती.

"पण मग न्यायची कशी?" मी विचारलं. तात्या म्हणाले, "माझी बैलजोडी देतो वढायला." मामा त्यावर विचारही करायला लागले. दिंद्रुड ते नांदूरघाट, दोन एसट्यांचा रस्ता.

शेवटी दारातून काकूंचा आवाज आला. "माजलगावला जाऊन दुसरी चावी करून घ्या की. चार मोठी माणसं बसल्यात, अन् एकाच्याबी डोक्यात येईना."

मोठ्या माणसांत काकूंनी मलाही धरलं, याचं मला तेवढ्यातही बरं वाटलं.

नवी चावी म्हणजे नवं दावं. यात कुणाचीच हरकत नव्हती. पण नमुना म्हणून जुनी चावी न्यावी लागणार, आणि तात्या ती दुसऱ्याच्या हातात द्यायला तयार नव्हते. म्हणून तात्या स्वतःच चालवत निघाले. मामा त्यांच्याशेजारी बसले, दावं गुंडाळून मांडीवर घेतलं होतं. मॅडम आणि मी मागे. विकलेली जीप विकणारा चालवत होता आणि विकत घेणारी मागे बसून लिहीत होती.

माजलगावच्या स्टँडसमोर छत्रीखाली एक चावीवाला बसतो. तिथे जागा अडचणीची. तात्यांना गाडी रिव्हर्स घ्यावी लागली. भोंगा सुरू झाला. "आपले लाडके तात्या! निशाणी छत्री! छत्री!" लोकांनी वळून बघितलं. छत्रीखालच्या चावीवाल्यानंही वर बघितलं. दोन माणसं रस्ता ओलांडून आली आणि तात्यांच्या पाया पडली. फळगाड्याजवळचा एक जण म्हणाला, "तात्या, मंजी आपलं पुन्ना ठरलं का?"

तात्या म्हणाले, "न्हाई बाबा, चावी कराया आलाव."

"लोकांची इच्छा हाय, तात्या."

"खरं म्हणतूस?" तात्या म्हणाले, आणि एकदम ताठ झाले.

चावीवाल्यानं मला विचारलं, "चावी हरवली का?"

"न्हाई. त्यांच्या हातात हाय बघा."

"मग दुसरी कशाला?"

"ही आमाला द्यायची न्हाई."

"अन् गाडी?"

"ती दिली."

त्यानं आम्हा चौघांकडे आळीपाळीनं बघितलं. मॅडमवर जरा जास्त वेळ थांबला. मग कानस घेतली. चावी घासून होईपर्यंत मागे सात-आठ माणसं जमली होती, कुणीतरी कुठूनतरी एक हार पैदा केला होता, आणि तात्या गळ्यात हार घालून नारायणगडावर प्रचाराचा नारळ कधी फोडायचा याची चर्चा करत होते.

नवी चावी दाराला लागली. इंजिनाला मात्र लागेना. चावीवाल्यानं पुन्हा घासली. मग जरा वर उचलून, डावीकडे दाबून, श्वास धरून फिरवली की लागायची. कधी दुसऱ्यांदा, कधी पाचव्यांदा.

तात्यांनी जुनी चावी पुन्हा खिशात घातली, बटण लावलं. दिंद्रुडची एसटी लागलेली होती. जाताना त्यांनी बॉनेटवर हात ठेवला, जनावराच्या पाठीवर ठेवतात तसा. "जा बाई," म्हणाले. "नीट ऱ्हा." त्यांचे डोळे भरून आले.

आणि नेमकं तेव्हाच मॅडमनी मला विचारलं, "तुला काय वाटतं? ही गाडी चांगली आहे ना?"

डाव्या मागच्या पायानं लंगडणारी, मागे जाताना मतं मागणारी, मनात येईल तेव्हा चालू होणारी गाडी. मला खरं सांगायचं होतं. इंग्रजीत काय म्हणायचं तेही मनात जुळवलं होतं: मला माहीत नाही, मला भीती वाटते. पण तात्या माझ्याकडे बघत होते, मामा बघत होते, आणि 'गुड' हा शब्द माजलगावच्या स्टँडवर सगळ्यांनाच कळतो. तो म्हटला नसता तर तेही सगळ्यांना कळलं असतं.

"गुड," मी म्हणालो. "व्हेरी गुड."

तात्या हसले. मॅडमनी मान हलवली, चावी उचलून दाबून फिरवली, आणि तिसऱ्यांदा गाडी चालू झाली.

सोमवारी सकाळी मेंढरं निघाली. पुढे मामा, मधे मेंढरं, मग घोड्या, मग मामी, आणि सगळ्यांच्या मागे जीप, पहिल्या गिअरमध्ये, बंपरवर गोंडा हलवत. वळण संपेपर्यंत मी बांधावर उभा राहिलो. मग बीडला परत आलो.

त्यानंतर काही कळेना. मामांचा फोन बहुतेक वेळा बंद असतो. चार्जिंग वाटेतल्या एखाद्या हॉटेलात होतं, आणि मॅडमचा नंबर लागत नव्हता. मी सरांना भेटायचं टाळू लागलो. रस्त्याकडेला एखादी जीप बॉनेट वर करून उभी दिसली की आधी तिच्या टपावर भोंगा आहे का ते बघायचो. परीक्षेत पेशव्यांचं उत्तर लिहिताना मधेच मनात यायचं की 'व्हेरी' तरी म्हणायला नको होतं. एक 'गुड' कदाचित माफ झाला असता.

मग वसतिगृहातला परभणीकडचा एक मित्र गावाहून आला आणि जेवताना म्हणाला, "आमच्याकडं एक पांढरी जीप वढ्यात गेली म्हणं. मागं मेंढरं हुती."

"आत कोण हुतं?"

"काय की. ऐकलंय नुसतं."

माझं जेवण तिथेच राहिलं. चार दिवस मामांचा फोन लावत होतो. पाचव्या दिवशी सरांना सगळं सांगायचं ठरवलं: भाषण पाठ होतं इथपासून ते 'व्हेरी गुड'पर्यंत. त्यांच्या दारात पोचलो, आत यायला परवानगी मागितली, आणि खिशातला फोन वाजला. नंबर अनोळखी. सरांनी बाहेर जाऊन बोल अशी खूण केली.

"भाच्या, मी हाय." मामांचा आवाज. मागे मेंढ्यांचा कालवा. "हॉटेलवाल्याचा फोन घेतलाय. पटकन बोल."

"मामा, जीप वढ्यात गेली का?"

"गेली की."

मी व्हरांड्यातल्या पायरीवर बसलो. "बाई कशा हायत?"

"बाई? बाई चांगल्या हायत. भाकरी थापायल्यात मामीसंगं. गोल येत न्हाई अजून."

"अन् वढा?"

"अरं पाणी हुतं गुडघ्यायेवढं. लहान कोकरं कशी उतरवायची? बाई म्हनल्या, गाडीत भरा. भरली. येका येळंला बारा. चार खेपा केल्या बाईनं. दर खेपंला गाडी तशीच मागं घेत येताना तात्या बोलायचा वढ्यात, छत्री, छत्री. त्या आवाजानं मागं ऱ्हायलेली मेंढरं आपणहून पाण्यात उतरायली. आता त्यांना दुसरं काईच हाकलाया लागत न्हाई."

"मग गाडी पाण्यात बंद पडली आसंल?"

"एकदाबी न्हाई," मामा म्हणाले. "अन् येक सांगायचं ऱ्हायलं. काल मागच्या शिटावर मेंढी व्याली. दोन झाली. त्यामुळं बाई आता मामीपशी झोपत्यात."